एका इंचाचं काम

२ जून २००२, रविवार

विषय : स्वयंपाकघराचे दार रुंद करण्यासाठी कापणी मशीन खरेदी करणेबाबत.
संदर्भ : सौ. यशोदा यांची तोंडी मागणी, आज सकाळी चहाच्या वेळी.

पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं कारकुनी केली. निवृत्त होऊन वर्ष झालं, पण पेन हातात आलं की आधी 'विषय' आणि मग 'संदर्भ' आपोआप उमटतो. ही डायरीसुद्धा खात्याचीच, कोरी राहिलेली. यशोदा म्हणते, तुम्ही देवालाही अर्ज करताना प्रत माहितीसाठी कुणाला ते खाली लिहाल. लिहीनही.

तर प्रकरण असं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी यशोदा माळ्यावरचं पितळी पातेलं काढताना स्टुलावरून पडली. पाठीचा मणका दुखावला. नागपूरला ऑपरेशन झालं, अडीच महिने तिथे काढले, एप्रिलमध्ये घरी आणलं. हात धड आहेत, तोंड तर पहिल्यापेक्षा धड आहे, पण कमरेखाली अजून काही नाही. डॉक्टर म्हणाले, वाट पाहू. मी वाट पाहतो आहे. रोज सकाळी तिच्या पायांना व्यायाम देतो. आज उजव्या पायाचा अंगठा हलल्यासारखा वाटला.

वेदश्रीनं, म्हणजे आमच्या मुलीनं, पुण्याहून चाकांची खुर्ची पाठवली आहे. ती झोपायच्या खोलीतून बैठकीत येते, व्हरांड्यात जाते. स्वयंपाकघरात जात नाही. यशोदेचं म्हणणं, महालक्ष्म्यांच्या आधी ते दार मोठं करा. महालक्ष्म्या सप्टेंबरच्या बारा तारखेला. म्हणजे हाताशी तीन महिने आहेत, घाईचं काही कारण नाही.

५ जून, बुधवार

आज मोजमाप घेतलं. खुर्ची चाकापासून चाकापर्यंत सव्वीस इंच. दार चौकटीच्या आतून पंचवीस. एक इंच! यशोदेला सांगितलं तर ती हसत सुटली. म्हणाली, "एका इंचासाठी पाच महिने मी बाहेर बसले?"

मी म्हटलं, पाच नाही, घरी येऊन दोनच झाले.

हे दार अरुंद का, हेही नोंदवून ठेवतो, कारण प्रकरणात काही लपवू नये. एक्क्याण्णव साली पिपरी मेघेत हे घर बांधलं तेव्हा नकाशात तो दरवाजा चांगला ऐसपैस होता. माझं फायलींचं लोखंडी कपाट शेजारच्या भिंतीला बसेना म्हणून मी तो कमी करवला. तेव्हा ती म्हणाली होती, दार मोठं असू द्या, सणावारी दोघी बायका एकदम ये-जा करतात. मी म्हटलं होतं, एकीमागून एक जातील.

घर बांधलं त्याच तानबा मिस्त्रीला अल्लीपूरहून बोलावलं. आला, दारावर हात फिरवला, चौकटीच्या कपाळावर यशोदेनं तेव्हा बांधलेली हळदी-सुपारीची पुरचुंडी ऑइल पेंटखाली अजून तशीच आहे, तिला नमस्कार केला आणि म्हणाला, "साहेब, एका दिवसाचं काम हाय. उद्या येतो. छन्नी मारली का चौकट बाहेर."

छन्नीवर माझा विश्वास नाही. चौकट लोखंडी अँगलची, तिचे पाय भिंतीत गाडलेले. ठोकाठोकीनं सारी भिंत हादरेल, गिलावा फुटेल, आणि यशोदेला आवाजाचा त्रास होईल. मी म्हटलं, मशीननं कापायचं.

"मंग हिंगणघाटहून भाड्यानं आनतो मशीन."

भाड्याची मशीन कोणी कशी वापरली असेल, चकती किती झिजली असेल, कुणी सांगावं. आपली घ्यावी. पुढेही उपयोगी पडेल.

तानबानं माझ्याकडे पाहिलं, मग खुर्चीतल्या यशोदेकडे पाहिलं. "जसी साहेबाची मर्जी," म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

१० जून, सोमवार

हिरालालच्या हार्डवेअर दुकानात गेलो. लोखंड कापायला काय काय मिळतं ते सगळं दाखव म्हटलं. चार प्रकार निघाले. एक चार इंची चकतीचा हातातला ग्राइंडर. दुसरा सात इंची, दोन्ही हातांनी धरावा लागतो. तिसरा मार्बल कटर, तो फरशीचा. आणि चौथी चौदा इंची चकतीची मोठी मशीन, जमिनीवर ठेवतात आणि वरून दांडा खाली दाबतात. ती मला फार आवडली. सळई लोण्यासारखी कापते.

हिरालाल म्हणाला, "साहेब, मशीन बढिया आहे, पण ही दाराकडे जात नाही. दार हिच्याकडे आणावं लागते."

तेवढ्यात चकत्यांचं निघालं. लोखंडाची वेगळी, दगड-विटेची वेगळी. अदलाबदल केली तर फुटून डोळ्यात जाते. मी विचारलं, दोन्ही कापेल अशी एकच नाही का? तर म्हणे, "है, पर दोनों काम आधे-आधे करती है."

मला फक्त लोखंडच कापायचं आहे. चौकट निघाली की दोन्हीकडून मिळून तीन इंच मिळतात, पंचवीसचे अठ्ठावीस. खुर्ची सव्वीस. भिंतीला हात लावायचं कारणच नाही. म्हणून चार इंची पुरेल असा प्राथमिक अभिप्राय.

कोटेशन मागितलं तर हिरालालनं कपाळाला हात लावला. "एका ग्राइंडरला कोटेशन? पूल बांधून राहिले का साहेब?"

२२ जून, शनिवार

तीन कोटेशनं जमली. एक हिरालालचं, एक हिंगणघाटचं, एक नागपूरचं. हिंगणघाटला जाऊन यायला अर्धा दिवस गेला, नागपूरला पूर्ण. तीन कोटेशनांशिवाय मी आयुष्यात झाडूसुद्धा विकत घेतलेला नाही. यशोदा सांगत असते की लग्नाआधी मी तिच्याशिवाय आणखी दोन मुली पाहिल्या त्याही त्यासाठीच. खोटं आहे. एकच पाहिली होती.

तुलनात्मक तक्ता काढला. रकाने : चकती, वजन, काप किती खोल जातो, बटण दाबून धरावं लागतं की अडकवता येतं, चकतीवरचं कव्हर, धूळ. यशोदेला वाचून दाखवला. ती गवार निवडत होती. हल्ली मंदाबाई स्वयंपाक करते आणि यशोदा बैठकीतून नुसते हुकूम सोडते. फोडणी करपली की ती वासावरून ओळखते, पण उठून जाता येत नाही म्हणून खुर्चीचे हात घट्ट धरते. ते पाहवत नाही.

तक्ता ऐकून म्हणाली, "छान आहे. आता दार कधी?"

सकाळी उजवा अंगठा दोनदा हलला. स्पष्ट. डावाही थोडा.

३ जुलै, बुधवार

हिरालालकडे प्रात्यक्षिक. चार इंची ग्राइंडरनं अँगलचा तुकडा कापून दाखवला. ठिणग्या थेट रस्त्यापर्यंत गेल्या, एका सायकलवाल्यानं शिव्या घातल्या. काप स्वच्छ. हिंगणघाटच्या मशीनला दोन गुण जास्त होते, पण तिचं बटण सैल वाटलं. हिरालालची पसंत.

घरी येऊन यशोदेला म्हटलं, शुक्रवारी, बारा तारखेला घेतो. पगाराच्या दिवसांतली गर्दी ओसरलेली असते.

"तुमचा पगार बंद होऊन वर्ष झालं," ती म्हणाली.

सवय आहे ती.

११ जुलै, गुरुवार

आज दुपारी एक गोष्ट झाली.

यशोदा हल्ली चाकं स्वतःच ढकलते, कुणी मागून ढकललेलं तिला खपत नाही. झोपायच्या खोलीतून बैठकीत येत होती. मी पेपर वाचत होतो. दारात खट् झालं. पाहिलं तर उजव्या हातातली बांगडी वाढली होती. खाली हिरवा तुकडा, मनगटावर बारीक रक्त.

"काही नाही," ती म्हणाली. "मंदा, केरसुणी आण."

मी उठून दार मोजलं. त्या दाराचं माप आतून अठ्ठावीस इंच. आणि स्वयंपाकघराचं दार चौकट काढल्यावर होणार अठ्ठावीसच! माझ्या लक्षात आलं की मी खुर्ची मोजली ती रिकामी. चाकं ढकलताना तिचे हात बाहेर येतात, बोटांची पेरं दोन-दोन इंच, त्यात बांगड्या. तिला किमान एकतीस-बत्तीस लागतील. म्हणजे नुसतं लोखंड कापून भागत नाही, भिंतही कापावी लागणार. केवढी चूक होता होता टळली.

तिला म्हटलं, बरं झालं आजच कळलं. उद्या मशीन घेणार होतो, ती वाया गेली असती.

मंदाबाई तुकडे गोळा करत होती. यशोदा मनगट पदरात धरून बसली होती. मग म्हणाली, "बांगड्या काढून ठेवल्या तर अठ्ठावीसमध्ये जाईन मी."

भलतंच. बांगड्या कशाला काढायच्या? मशीन बदलू.

१२ जुलै, शुक्रवार

जुना तक्ता रद्द. नवीन मागणी : लोखंड आणि वीटकाम दोन्ही कापणारी मशीन. भिंत साडेचार इंची. चार इंची ग्राइंडर जेमतेम इंचभर आत जातो, सात इंची दोन इंच. दोन्ही बाजूंनी कापलं तर मधे थोडं उरतं, ते हलक्या छन्नीनं निघेल. वरचा लिंटल, म्हणजे दारावरची आडवी काँक्रीटची पट्टी, दोन्हीकडे फूट-फूट आत गेलेला आहे, तेव्हा कपाटाच्या बाजूनं पाच इंच घ्यायला हरकत नाही. पण कपाट हलवावं लागेल, आणि त्यासाठी आधी फायली काढाव्या लागतील.

धुळीचं काय? डायमंड चकती पाण्यानं चालवली तर धूळ बसते, पण विजेची मशीन आणि पाणी एकत्र कसं चालेल? आणि सात इंचीला पंधरा अँपिअरचा प्लग लागतो, तो फक्त गिझरला आहे. नव्यानं तीन कोटेशनं मागवणं आलं.

२१ जुलै, रविवार

काल आषाढी झाली. चातुर्मास लागला. चातुर्मासात चौकटीला हात लावू नये असं म्हणतात. मी यशोदेला म्हटलं, कार्तिकीनंतर बघू या का? तोवर कदाचित गरजही राहणार नाही.

तिनं चष्मा काढला. "चातुर्मास तुम्ही कधीपासून पाळून राहिले? आत्ता कांद्याची भजी खाल्ली ना?"

मी म्हटलं, भजी वेगळी, चौकट वेगळी.

"महालक्ष्म्या कार्तिकीपर्यंत थांबत नाहीत," ती म्हणाली. "आणि अती शहाण्याचा बैल रिकामा राहतो, एवढं लक्षात ठेवा."

नंतर तिनं उरलेली भजी माझ्या पुढ्यात सरकवली. रागावलेली नव्हती. दमलेली होती असं वाटलं. पावसाळी हवेत अंग जड होतंच.

४ ऑगस्ट, रविवार

आजचं सगळं लिहितो, नाही तर उद्या मी ते सोयीचं करून आठवीन.

सकाळी व्यायाम देत होतो. उजव्या पायाचा अंगठा हलला. मी म्हटलं, हा बघ, आज तर चांगला हलला.

ती म्हणाली, "तुम्ही धरता म्हणून हलतो."

मी हात सोडला. अंगठा हलला नाही. पुन्हा धरला. ती म्हणाली, "ऐका जरा. मी चालणार नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी मार्चमध्येच सांगितलं मला. तुम्ही खाली औषधं आणायला गेले होते. मी म्हटलं, यांना सांगू नका, मी सांगीन सावकाश."

डॉक्टर वाट पाहू म्हणाले होते, मी स्वतः ऐकलं आहे. मी तिला तसं सांगितलं. माणूस सतत बसून राहिलं की मनात असं येतंच. धीर दिला. सहा महिने हा काही फार मोठा काळ नाही, मणक्याच्या दुखण्यात वर्षसुद्धा लागतं असं बँकेतल्या एकांचं उदाहरण दिलं.

ती ऐकत होती. मग तिनं माझे केस मागे सारले, वेदश्रीचे सारायची तसे. म्हणाली, "बरं. मी चालीन. पण चालेपर्यंत दार करून ठेवा."

तिला वाटतं मी टाळतो आहे. मी टाळत नाही. दार एकदा कापलं की कापलं. ती दोन महिन्यांनी आपल्या पायांनी त्या दारातून जाईल तेव्हा ते भोक उगीच तोंड वासून राहील. बघणारा म्हणेल, ही खुर्चीसाठी केलेली वाट. मला ते नको आहे. यात चूक काय आहे?

दुपारी नवी कोटेशनं लावून घेतली.

२६ ऑगस्ट, सोमवार

मशीन घेतली! सात इंची, हिरालालकडूनच. सोबत लोखंडाच्या तीन चकत्या आणि विटेची एक. खोकं रिक्षातून आणताना मांडीवर धरलं होतं. पंधरा अँपिअरचा प्लग परवाच बैठकीत बसवून घेतला.

खोकं यशोदेच्या मांडीवर ठेवलं. तिनं झाकण उघडून मशीनवरून हात फिरवला. "केवढी जड आहे हो," म्हणाली. "हिच्यासाठी तीन महिने?" मग मंदाबाईला हाक मारून कुंकू आणवलं आणि मशीनला बोट लावलं. दसऱ्याला अवजारांना लावतात तसं.

तानबाला निरोप गेला. गुरुवारी सकाळी येतो म्हणाला. महालक्ष्म्यांना चौदा दिवस राहतात, गिलावासुद्धा वाळेल. सगळं वेळेत बसलं. यशोदा जेवताना दोनदा म्हणाली की यंदा पुरण ती स्वतः घोटणार, मंदाबाईचं पातळ होतं.

२८ ऑगस्ट, बुधवार

यशोदेला काल संध्याकाळपासून ताप. थंडी वाजून येतो. लघवीच्या नळीमुळे आत संसर्ग झाला असावा असं डॉक्टर म्हणाले. इंजेक्शन दिलं. घरात धूळ अजिबात नको म्हणाले. तानबाला नको येऊ म्हणून फोन केला.

तापात ती विचारत होती, तानबा आला का? मी म्हटलं, उद्या येतो.

३० ऑगस्ट, शुक्रवार

दवाखान्यात दाखल केलं. वेदश्री पुण्याहून निघाली.

३ सप्टेंबर, मंगळवार

यशोदा गेली. पहाटे सव्वापाचला.

५ सप्टेंबर, गुरुवार

काय लिहू?

वेदश्रीनं तिला हिरवी साडी नेसवली आणि हिरवा चुडा भरला. कोपरापर्यंत. आल्या-गेल्या बायका म्हणत होत्या, भाग्याची गं बाई, अहेवपणी गेली. सगळ्यांनी ओटी भरली. मी तिच्या हातांकडे पाहत होतो. एकही बांगडी वाढली नव्हती. आता तिला कुठल्या दारातून चाकं ढकलत जायचं नव्हतं.

दारातून काढताना चौघं होते. कुणीतरी म्हणालं, जरा तिरपं घ्या.

१२ सप्टेंबर, गुरुवार

आज महालक्ष्म्या यायच्या होत्या. सुतकात बसवता येत नाहीत. मुखवटे पेटीत, पेटी माळ्यावर. गल्लीतल्या घराघरांतून थाळ्या वाजत होत्या, पोरी 'कशाच्या पावलानं आल्या' विचारत होत्या आणि आतून कुणी तरी 'सोन्या-मोत्याच्या' म्हणत होतं. वेदश्री उठून मागच्या अंगणात गेली.

मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभा होतो. कशासाठी ते माहीत नाही. तेव्हा चौकटीवर नजर गेली. खुर्चीच्या चाकाच्या उंचीवर दोन्ही बाजूंना पेंट खरवडलेला. बारीक बारीक वाकड्या रेघा, एकावर एक. कितीतरी. खालचा लाल प्रायमर दिसत होता. मी मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली.

मंदाबाईला विचारलं, हे काय?

ती आधी सांगेना. मग पदर तोंडाशी धरून म्हणाली, "बाई रोज दुपारी इथं येऊन बसत, साहेब. तुमी मशीन पाहाले गेले का मले म्हणत, मंदा, चौकटीपावतर तं जाऊ. मंग चाकं लावून पाहत, जाते का म्हणून. बांगड्या घासत. मी म्हणो, बाई, काऊन हात खरचटून राह्यल्या? तं म्हणत, एकच इंच हाय मंदा, एखाद्या दिवशी जाईन."

मी खाली बसलो. ती पुढे बोलत होती. "मागच्या म्हयन्यात लक्ष्म्यांचा अख्खा सैपाक शिकवला मले इथं बसून. सोळा भाज्या, पुरन, आंबील. मी म्हटलं, तुमीच करसान ना बाई, दार होऊनच राह्यलं. तं म्हणे, साहेबाचं दार पुढच्या साली होईन. लक्ष्म्या याच साली येतीन."

तिला माहीत होतं. सगळं माहीत होतं तिला, आणि तरी मशीनला कुंकू लावलं.

मी तीन महिने मशीन शोधत नव्हतो. दार कापलं म्हणजे ती चालणार नाही हे मान्य करणं होतं, आणि ते माझ्याच्यानं होत नव्हतं. ती मान्य करून बसली होती, पुढे निघाली होती. तिला फक्त वाट हवी होती. मी तिला माझ्या आशेपायी दाराबाहेर बसवून ठेवलं. हे कुठल्याही रकान्यात लिहिलेलं नव्हतं.

१६ सप्टेंबर, सोमवार

काल तेरावं झालं. तानबाही जेवायला होता. जाताना अंगणात घुटमळला. म्हणाला, "साहेब, ते काम आता राहू द्याचं ना?"

वेदश्रीलाही तेच वाटतं. म्हणते, बाबा, आता कशाला? आईच्या हाताच्या खुणा आहेत तिथे.

वरातीमागून घोडं, मला कळतं. पण मागणी तिची होती. तिनं ती कधी परत घेतलेली नाही. तानबाला म्हटलं, बुधवारी ये.

१८ सप्टेंबर, बुधवार

तानबा नऊला आला. आधी कपाट हलवायचं होतं. फायली काढायला मला एक पूर्ण दिवस लागेल असा माझा अंदाज होता. तानबानं आणि त्याच्या जोडीदारानं ते भरलेलंच धरलं आणि सरकवलं. तीन-चार मिनिटं.

पहिला काप मी सांगितला तिथे घेतला. चौकटीचा खरवडलेला भाग, दोन्ही बाजूंचा, हात-हातभर. तो आधी कापून बाजूला ठेवायला लावला. वेदश्रीनं ते दोन्ही तुकडे ओल्या फडक्यानं पुसले. मी कपाटातून मशीनचं प्रकरण काढलं, सहा कोटेशनं आणि दोन तक्ते, आणि त्या जागी ते तुकडे ठेवले. कागद मलब्याबरोबर गेले.

चौकटीच्या कपाळावरची पुरचुंडी तानबानं अलगद सोडवली. पेंटनं कडक झाली होती. आत हळकुंड तसंच होतं. ती देवाजवळ ठेवली.

मग भिंत. आधी बैठकीकडून, मग स्वयंपाकघराकडून. धूळ खूप झाली. आवाज मला वाटला होता तेवढा नव्हता, आणि गिलावा कुठेही तडकला नाही. मधलं उरलेलं तानबानं छन्नीनं हलकेच पाडलं.

सवयीनं मी वेळ लिहून ठेवली होती. सुरू दहा वाजून दहा मिनिटांनी. संपलं अकरा पन्नासला. एक तास चाळीस मिनिटं. हिंगणघाटला कोटेशनसाठी गेलो त्या दिवशी बसमध्येच याहून जास्त वेळ गेला होता.

तानबा विटांचे तुकडे घमेल्यात भरत होता. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "खुर्ची नेऊन पाहा साहेब. पाहाच लागते."

खुर्ची व्हरांड्यात होती. मी तिच्यात बसलो. तिच्यासारखे दोन्ही हात चाकांवर बाहेरून ठेवले आणि ढकलत दारापाशी आलो. आत मंदाबाईनं गॅस बारीक केला आणि ओट्याला पाठ लावून उभी राहिली. वेदश्री मागे होती, तिनं खुर्चीला हात लावला नाही.

मी आत गेलो. हात कुठेच लागला नाही. दोन्ही बाजूंना जागा उरली. किती, ते मोजलं नाही.